न आलेल्यांची वही

नगर जिल्ह्यातील, म्हणजे आता ज्यास अहिल्यानगर म्हणावयाचे त्या जिल्ह्यातील, ख्रिस्ती समाजाविषयी मराठी वाचकाला जी माहिती असते ती बहुधा लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'तून आलेली असते. आणि त्या ग्रंथाचे सामर्थ्यच असे आहे की, त्यातले जग म्हणजेच नगरचे अवघे ख्रिस्ती जग, असा समज कोणाचाही सहज व्हावा. ते जग १८३१ साली येथे ठाण मांडलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे, प्रॉटेस्टंट पंथाचे. राहुरी, श्रीरामपूर, नेवासे आणि संगमनेर या तालुक्यांत, मुळा-प्रवरेच्या कालव्यांच्या आणि कोरडवाहू माळांच्या सीमेवर, कॅथलिकांचे दुसरे एक जग पसरलेले आहे, आणि ते साहित्यात फारसे उतरलेले नाही. जर्मन जेज्वीट पाद्र्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंदळ, वळण, संगमनेर या बाजूस आपली ठाणी वसविली. त्यांच्यापैकीच फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली 'निरोप्या' हे मराठी मासिक काढले आणि पुढे ते पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धात या जर्मन धर्मगुरूंपैकी अनेकांना शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून सरकारने स्थानबद्ध केले व मायदेशी रवाना केले. हा सारा इतिहास नावानिशीवार सापडतो. परंतु त्याच ठाण्यांच्या आवारात, चर्चच्या बाजूला, कौलारू घरात राहून ज्या स्त्रियांनी दवाखाने, बालवाड्या आणि मुलींची वसतिगृहे चालविली, त्यांची नावे त्या इतिहासात क्वचित येतात. आली तर 'सिस्टर्स' या अनेकवचनी शब्दात मिळून येतात.

या लेखातही त्यांची नावे येणार नाहीत. कारण वेगळे आहे. ज्यांच्याविषयी मी लिहितो आहे त्यांना आपले नाव छापून येणे कधीच रुचले नाही, आणि त्यांच्यापैकी काही अद्याप हयात आहेत.

माझी नोकरी जिल्हा क्षयरोग केंद्रातली. साठच्या दशकाच्या अखेरीस मी रुजू झालो, तेव्हा क्षयरोगाच्या उपचारात एक फार मोठी उलथापालथ नुकतीच होऊन गेली होती आणि तिचे मर्म आम्हा कनिष्ठ नोकरांना अजून उमगावयाचे होते. त्यापूर्वी क्षयी माणसाला आरोग्यधामात, शक्य तर मिरजेस किंवा पुण्याजवळ औंधला, महिनोन्महिने खाटेवर निजवावयाचे, दूध-अंडी खाऊ घालावयाची आणि स्वच्छ हवेवर भिस्त ठेवावयाची, असा शिरस्ता होता. मद्रासच्या संशोधन केंद्राने १९५६ साली सुरू केलेल्या आणि १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने तो मोडून काढला: झोपडपट्टीतल्या आपल्या घरी राहून, आपले तेच निकृष्ट अन्न खाऊन, परंतु गोळ्या मात्र वर्षभर नेमाने घेणारा रोगी हा आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो, असे तेथे सिद्ध झाले. १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम याच पायावर उभा राहिला. खाटा वाचल्या, खर्च वाचला. पण रोगाचा भार दवाखान्यावरून घरावर आला, आणि 'नेमाने' या एका अटीची पूर्तता कोणी करून घ्यावयाची, हा प्रश्न घराच्या उंबरठ्याशी येऊन थांबला.

कारण या रोगाची चाल मोठी फसवी असते. दोन महिने औषध पोटात गेले की खोकला शमतो, ताप उतरतो, अंगावर मांस धरते, आणि मनुष्य कामाला लागतो. जंतू मात्र फुप्फुसाच्या कोपऱ्यात दबा धरून बसलेले असतात. स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया दुखत, काहींना त्यांनी भोवळ येई. थायासिटाझोनने अंगावर पुरळ उठे. आणि बरे वाटत असताना वर्ष-दीड वर्ष गोळ्या गिळण्याचे प्रयोजन शेतमजुराला पटवून देणे हे सरकारी भित्तिपत्रकाच्या आवाक्यातले काम नव्हते. आमच्या केंद्राच्या दफ्तरी किती रोगी शोधले, किती थुंक्या तपासल्या, किती गोळ्या वाटल्या, याची कोष्टके दरमहा तयार होत आणि वर रवाना होत. उपचार अर्धवट सोडलेल्यांसाठीही एक रकाना होता. त्यात आकडा भरला की त्या माणसाचे प्रकरण, कागदापुरते, निकाली निघे.

अशा अवस्थेत राहुरी तालुक्यातील एका मिशन दवाखान्याशी माझा संबंध आला. औषधांचा सरकारी साठा तेथे पोहोचविणे आणि हिशेब तपासणे एवढेच माझे अधिकृत प्रयोजन. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीत लाकडी बाके. एक सिस्टर परिचारिका, एक औषधे देणारी, आणि थोरल्या सिस्टर, ज्यांना गावातले लोक नुसते 'मदर' म्हणत. परिचारिका सिस्टर केरळच्या होत्या. त्या काळी केरळच्या मुलींचा या व्रताकडे ओघच लागला होता, आणि त्यांच्यातल्या अनेकजणी नगरच्या मातीत येऊन वर्षभरात अशी मराठी बोलू लागत की, तिच्यात पुण्याच्या शुद्धतेचा लवलेश नसे आणि राहुरीच्या बाजाराचा ठसा पक्का असे.

त्यांच्याकडे वह्या दोन होत्या. एक मोठी, सरकारी नमुन्याची, आलेल्या रोग्यांची. दुसरी शाळकरी, चाळीस पानी, तांबड्या पुठ्ठ्याची. मी मोठी वही तपासून सही करीत होतो, तेव्हा परिचारिका सिस्टर दुसऱ्या वहीत काही नावे उतरवून घेत होत्या. ती कशाची, असे विचारता त्या म्हणाल्या, "आज यायला हवे होते, पण आले नाहीत, ते. मोठी वही औषधाच्या हिशेबासाठी. आमचे काम या वहीत आहे, भाऊ."

दुपारी तीनच्या सुमारास, ऊन अजून कडक असताना, त्या व त्यांच्याबरोबरची एक तरुण सिस्टर सायकली काढून त्या वहीतल्या नावांच्या मागे निघत. मी काही वेळा त्यांच्याबरोबर गेलो. एका वस्तीवर म्हातारी अंगणात शेंगा निवडत बसली होती, सिस्टरांना पाहताच तिने पदर सावरला आणि तक्रारीच्या सुरात सुरुवात केली, "शिस्टर, आता खोकला बी न्हाई न् ताप बी न्हाई, मंग गोळ्या कशापायी खायाच्या?" सिस्टरांनी उपदेश केला नाही. त्या तिच्याशेजारी बसल्या, शेंगा निवडू लागल्या. यंदा भाव काय, सून माहेरून आली का, शेळी व्याली का, अशा चौकश्या झाल्या. आणि अर्धी पाटी निवडून झाल्यावर त्यांनी पिशवीतून गोळ्यांची पुडी काढून म्हातारीच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि ती गिळेपर्यंत तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग वहीत त्या नावापुढे बारीक खूण केली. परतताना मला म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी ही आपणहून येईल. त्यापुढच्या सोमवारी येणार नाही. तेव्हा पुन्हा यायचे."

सिस्टरांच्या सेवेविषयी जे बोलले जाते त्यात करुणा हा शब्द हटकून येतो. तो खोटा नाही. पण करुणा मी इतरत्रही पुष्कळ पाहिली. सरकारी दवाखान्यातल्या आयांच्या ठिकाणी पाहिली, गावच्या पाटलिणीच्या ठिकाणी पाहिली. या बायांच्या ठिकाणी मला जे अपूर्व दिसले ते त्यांचे दफ्तर: जो समोर आला नाही त्याची आठवण ठेवण्याची, ती कागदावर उतरवून संध्याकाळच्या आत निकालात काढण्याची, आणि हे काम प्रार्थनेच्या घंटेइतक्याच निर्विकार नेमाने रोज करण्याची त्यांची सवय. पहाटे साडेपाचला प्रार्थना, मग मिस्सा, मग न्याहारी, आठाला दवाखाना, असा ज्यांचा दिवस कित्येक वर्षे घड्याळावर बांधलेला असतो, त्यांना दुसऱ्याच्या नेमाची जबाबदारी उचलणे जड वाटत नसावे, असा माझा कयास आहे. व्रतस्थ जीवनाचा हा उपयोग कोणत्याही धर्मग्रंथात लिहिलेला नसेल.

नगर शहरातली तऱ्हा निराळी होती. नगरकरांच्या तोंडी 'सिस्टर' म्हटले की प्रथम शाळा येते, ऑक्झिलियमची किंवा सेक्रेड हार्टची, आणि जून महिन्यातल्या प्रवेशाची यातायात. मला ओळखीच्या झालेल्या शहरी सिस्टर शाळेतल्या नव्हत्या. विड्या वळणाऱ्या बायकांच्या गल्ल्यांतून त्या हिंडत. नगर, संगमनेर आणि सोलापूर ही विडीच्या धंद्याची जुनी ठिकाणे. पद्मशाली समाजाच्या बायका मांडीवर सूप घेऊन, ओलसर टेंभुर्णीचे पान पत्र्याच्या मापावर कातरून, चिमूटभर जर्दा भरून, दोरा गुंडाळून दिवसाला हजाराच्या घरात विड्या वळत. त्यातली कारखानदाराने छाट म्हणून बाजूला काढलेली मजुरीत धरली जात नसे. तंबाखूची धूळ, कोंदट खोली, उपासमार, आणि खोकला हा धंद्याचाच भाग आहे अशी सर्वांची समजूत. त्यामुळे खोकल्यातला क्षय उशिरा ओळखू येई, आणि ओळखला तरी लपविला जाई; कारण घरात टीबी आहे असे गल्लीत कळले की मुलीचे स्थळ मोडलेच.

येथे सिस्टरांनी काढलेली युक्ती मला आजही नामी वाटते. एका गल्लीत एकच रोगी असला तरी त्या तीन घरांत जात. एका घरी लहान मुलाचे वजन करीत, दुसऱ्या घरी गरोदर सुनेची चौकशी, आणि मधल्या घरी गोळ्या. औषधाची पुडी विड्यांच्या पानांच्या पिशवीत जाई. गल्लीला वाटे, सिस्टर सगळ्यांकडेच येतात. सरकारी गणवेशातला मी त्या दारात उभा राहिलो असतो तर शेजारच्या चार खिडक्या तत्काळ उघडल्या असत्या; आणि म्हणून त्या मला गल्लीच्या तोंडाशी चहाच्या दुकानात बसवून ठेवीत. माझ्या नोकरीच्या इभ्रतीला ते फारसे शोभण्यासारखे नव्हते, पण चहा बरा असे.

आणि उसाचा हंगाम. प्रवरेच्या कालव्यांवर हरेगावच्या बेलापूर कंपनीपासून साखरेची धुराडी उभी राहिली, १९५० साली लोणीला विठ्ठलराव विख्यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना निघाला, आणि मग जिल्ह्याचा उत्तर भाग उसाने भरून गेला. तोडणीला माणसे मात्र येत ती त्याच जिल्ह्याच्या दुष्काळी टोकातून, पाथर्डी-शेवगावकडून, आणि पलीकडल्या बीडमधून. दसरा झाला की मुकादमाची उचल घेऊन टोळ्या निघत, कारखान्याच्या गाडीतळावर पाचटाच्या कोप्या घालत, आणि पट्टा पडला की, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडी, परत फिरत. क्षयाचा उपचार वर्षाचा आणि माणूस एका ठिकाणी सहा महिने, अशी ही विसंगती होती. कोपीत सापडलेला रोगी मार्चअखेर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला नाहीसा होई. आमच्या कार्यालयात त्याचा कागद एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे रीतसर जात असे, आणि रीतसर म्हणजे सावकाश.

सिस्टर पोस्टकार्ड टाकीत. कोपीतल्या बाईचे नाव, नवऱ्याचे नाव, मुकादमाचे नाव, गाव, आणि गावात घर कोठे ते: 'मारुतीच्या मागे, लिंबाच्या झाडाजवळ, दोन बैल होते, आता एक आहे.' हे कार्ड माझ्या पत्त्यावर येई आणि त्यावरून मी पाथर्डी तालुक्यात त्या दाराशी जाऊन उभा राहू शके. मुकादमाचे नाव लिहिण्यात मोठे शहाणपण होते; गावाला आपल्या माणसाचा ठावठिकाणा ठाऊक नसला तरी ज्याचे पैसे अंगावर आहेत त्या मुकादमाला तो पक्का ठाऊक असतो. पुढच्या दसऱ्याला टोळी निघाली की माझे कार्ड त्यांच्याकडे जाई, आणि कोप्या पडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात सिस्टर गाडीतळावर हजर.

हरवलेली माणसे सापडण्याचे आणखी एक ठिकाण म्हणजे हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा. १९४९ सालापासून ८ सप्टेंबरच्या सुमारास भरणाऱ्या या यात्रेस ख्रिस्ती माणूस मुंबई-पुण्याकडून येतोच, पण इतर धर्मांचेही हजारो लोक नवस फेडायला येतात. आरोग्य खात्यातर्फे आम्हांला तेथे विहिरीत टीसीएल टाकण्याच्या कामावर नेमले जाई. सिस्टर प्रथमोपचाराच्या मांडवात असत, आणि त्यांच्यापैकी एकीची नजर सतत रांगेवर. मेणबत्ती हातात घेऊन पुढे सरकणाऱ्या एखाद्या गृहस्थाला त्या नावाने हाक मारीत, आणि तो दचकून मांडवाकडे पाही. माउलीकडे बरे होण्याचा नवस आणि मांडवात औषध सोडल्याचा जाब, असे दोन्ही त्याच्या वाट्याला एकाच दुपारी येई.

येथवर जे लिहिले त्यावरून आमच्यात मतभेद नव्हते असे कोणी समजू नये. होते, आणि कडक होते. १९७६ साली आणीबाणीत कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे प्रत्येक खात्यावर लादली गेली. शिक्षकापासून तलाठ्यापर्यंत प्रत्येकाने शस्त्रक्रियेसाठी माणसे आणावयाची, न आणली तर पगार अडावयाचा. मी मिशन दवाखान्यात जाऊन सहकार्य मागितले. मदरांनी चहा दिला आणि स्पष्ट नकार दिला. पोप पॉल सहावे यांनी १९६८ साली कृत्रिम संततिनियमनाविरुद्ध दिलेला निर्णय त्यांना बंधनकारक होता, आणि त्यावर वाद घालण्यात हशील नव्हते. मला त्यांची भूमिका तेव्हा पटली नाही आणि आजही पटत नाही. सातवे मूल पोटात असलेली, क्षयाने पोखरलेली बाई त्यांच्याच बाकावर बसलेली मी पाहिली होती. पण सक्तीच्या त्या वर्षात, जेव्हा माणसे सरकारी गाडी पाहून उसात पळत, तेव्हा औषधासाठी निर्धास्तपणे जाता येईल अशी जागा त्या पंचक्रोशीत ती एकच उरली होती, हेही मला माझ्याच कोष्टकांतून दिसत होते. त्या वर्षी आमचे सरकारी रोगी घटले आणि त्यांचे वाढले.

दुसरा प्रश्न धर्मांतराचा. तो मला कचेरीत, एसटीत, लग्नकार्यात इतक्यांदा विचारला गेला आहे की, उत्तर पाठ झाले आहे. त्या दवाखान्यात येशूची तसबीर होती, सकाळी प्रार्थना होत असे, आणि आपण कशासाठी येथे आलो हे सिस्टर लपवीत नसत. औषधाच्या वहीत नाव, वय, गाव, औषध आणि तारीख हे रकाने होते. धर्माचा नव्हता, आणि एकदा चौकशीसाठी आलेल्या कारकुनाने तो नसल्याबद्दल हरकतही घेतली होती. मिशनच्या भोवतालचा जुना ख्रिस्ती समाज बहुतांशी पूर्वास्पृश्य, आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळला गेलेला. ज्याला धर्म बदलून ऐहिक लाभ साधावयाचा असेल त्याने या लोकांचे सातबारे पाहावेत. त्या समाजातल्या शिकलेल्या तरुणांची सिस्टरांविषयी वेगळीच तक्रार मी ऐकली आहे: व्रत घेणाऱ्या आमच्या मुली धुण्या-रांधण्याला आणि गावोगाव हिंडायला, आणि अधिकाराच्या जागी मंगळूर, केरळ, वसई. ही तक्रार मला निराधार वाटली नाही. १९८७ साली नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत होऊन नगर जिल्हा पुण्याकडून तिकडे गेला आणि त्याचे पहिले बिशप म्हणून थॉमस भालेराव आले, तेव्हा त्या तरुणांना झालेला आनंद मी पाहिला आहे.

दरम्यान सिस्टर पुष्कळ बदलल्या होत्या. १९६५ साली व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेने व्रतस्थांनी आपली राहणी व वेश काळाशी आणि देशाशी जुळवून घ्यावा असा हुकूम काढला. मिस्साही लॅटिनमधून मराठीत आला. पायघोळ झगे आणि ताठ शिरोवस्त्रे हळूहळू गेली, साध्या साड्या आल्या. एका वृद्ध सिस्टरांना मी याविषयी विचारले होते. धार्मिक उत्तर मिळेल अशी माझी अपेक्षा. त्या म्हणाल्या, झग्याचे टोक सायकलच्या साखळीत अडकायचे, ते थांबले. बदल्या मात्र तशाच राहिल्या. वरून पत्र येई आणि दहा-दहा वर्षे एका गावात मुरलेली बाई एका ट्रंकेनिशी दुसऱ्या प्रांतात जाई. बदली रद्द करून घेण्यासाठी आमदाराच्या बंगल्याबाहेर बसणाऱ्या आम्हा नोकरांना हे पाहून थोडे ओशाळे वाटे. जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला तांबडी वही हाती देई, आणि दोन दिवस तिला बरोबर घेऊन सगळ्या दारांवर फिरवून आणी.

माझ्या सेवेच्या अखेरच्या वर्षांत सुधारित क्षयरोग कार्यक्रम आला. रोग्याने गोळी दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर गिळावयाची, न आला तर त्याच्या घरी जावयाचे, हे त्याचे मुख्य सूत्र. जिल्ह्याच्या प्रशिक्षण वर्गाला खाजगी दवाखान्यांनाही बोलावणे होते. परिचारिका सिस्टर, आता चष्मा लागलेल्या, मागच्या बाकावर येऊन बसल्या. शिकवणाऱ्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष देखरेखीचे महत्त्व सविस्तर विशद केले. सिस्टरांनी सारे टिपून घेतले, आणि शंका विचारा म्हटल्यावर उभे राहून विचारले की, ऊसतोडीला गेलेल्या रोग्याचा बदलीचा कागद त्या कारखान्याच्या दवाखान्यात किती दिवसांत पोहोचेल, कारण टोळी एका फडावर फार दिवस थांबत नाही. डॉक्टर म्हणाले, सूचना चांगली आहे, वर कळवतो, आणि त्यांनी ती खरोखरच लिहून घेतली. त्या हंगामात आम्ही तो कागद दोन प्रतींत नियमाप्रमाणे भरला, आणि त्याच संध्याकाळी पोस्टकार्डही टाकले.